आजीच्या नावाची आखाजी

मित्रांनो, मी पालथा दिसलो म्हणून मला सरळ करायला धावू नका. आमचा जन्मच पालथं बसण्यासाठी झालाय. मी मांडे भाजायचं मातीचं खापर आहे. मला चुलीवर पालथं घालतात, खालून जाळ देतात आणि माझ्या तापलेल्या पाठीवर मांडा टाकतात. मांडा म्हणजे हातभर रुंद आणि पातळ अशी पुरणपोळी. लोक आपल्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतात, तेव्हा मला फार राग येतो. चूक यांची, डोकं त्याचं आणि फुटायचं मात्र आम्ही! पण आज रागवायला मला वेळ नाही. आज मी इतका खुशीत आहे, की सगळं सांगून टाकल्याशिवाय माझी पाठ गार होणार नाही.

मी मूळचा देवळ्याचा. बाजाराच्या दिवशी कुंभारानं आम्हा भावंडांना रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलं होतं. तिथे बयाबाई आली. एकेकाला उचलून, बोटाच्या पेरानं टकटक करून, कान लावून ऐकू लागली. माझा आवाज ऐकून ती हसली आणि मला डोक्यावर घेऊन घरी निघाली. पुढे ती चैतालीची आजी झाली, म्हणून मीही तिला आजीच म्हणतो. कुंभार मला घडवणारा खरा, पण मला माणसांत आणलं ते आजीनं.

तिनं मला लगेच कामाला जुंपलं नाही. मंद आचेवर शेकलं, तेलाच्या फडक्यानं पुसलं, पुन्हा शेकलं. खापराला घाईनं तापवायचं नाही आणि कधी पाणी लावायचं नाही, हे तिचे नियम होते. माझी भावंडं दुसऱ्यांच्या घरी गेली आणि लवकरच तडकली. मी मात्र अजून ठणठणीत आहे, म्हणजे आजवर तरी होतो.

आजीच्या लेकाला, धनराजला, नाशिकला अंबडच्या कंपनीत नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड सिडकोत आलं. टेंपोत फ्रिजला दोरखंडानं बांधलं होतं, कपाटाला गोणपाट गुंडाळलं होतं आणि मी चक्क आजीच्या मांडीवर बसून आलो. फ्रिजचा काय जळफळाट झाला असेल! गच्चीवर विटांची चूल मांडली, माझी जागा ठरली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या बायका जिना चढून वर येऊ लागल्या.

काय तो थाट सांगू! आजी पिठाचा गोळा घ्यायची, त्यात पुरण भरायची आणि तो दोन्ही हातांवर खेळवायला लागायची. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत. बघता बघता गोळ्याचं एवढं मोठं पातळ कापड व्हायचं आणि अलगद माझ्या पाठीवर येऊन पडायचं. बायका तोंडात बोटं घालायच्या. मी फुगून जायचो.

आजीचाही मांडा कधीमधी फाटायचा. तसा फाटला की ती तो बाजूला काढायची आणि म्हणायची, "हाऊ फाटेल मन्हा शे." म्हणजे, हा फाटका माझा. सगळ्यांची जेवणं झाली की आमरसात बुडवून तो फाटका मांडा ती एकटी खायची. चांगला मांडा आजीच्या ताटात पडलेला मी कधी पाहिला नाही.

पण आजीला एक खोड होती. सून ज्योत्स्ना पीठ मळून द्यायची, पुरण वाटून द्यायची, पण मांडा हातावर घ्यायला गेली की आजी म्हणायची, "ऱ्हाऊ दे, फाटी जाई." चैतालीलाही तेच उत्तर मिळायचं. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटायचं. आमच्या दोघांच्या मध्ये कुणी नको, असं मलाही वाटायचं.

गेल्या थंडीत आजी गेली. मित्रांनो, मातीच्या भांड्याला रडता येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. मला तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. त्या लुगड्याला धुराचा आणि पिठाचा वास होता, आणि तो रोज थोडा थोडा कमी होत होता. तो संपला की आजी खरंच संपेल, अशी भीती मला वाटायची.

मग उन्हाळा लागला आणि एके सकाळी खालून माझ्या कानावर शब्द पडला, आखाजी. मी लुगड्यातल्या लुगड्यात सावरून बसलो.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात. चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. हा घास दिल्याशिवाय घरात कुणी आंबा चाखत नाही.

"मांडे विकत आणू," धनराज म्हणाला. "हल्ली ऑर्डर घेतात. घरपोच येतं."

"पप्पा, आजीच्या घासाला पार्सल?" चैताली म्हणाली.

"मग काय करू, बेटा? तुझ्या मम्मीला येत नाही, तुला येत नाही."

"येत नाही कारण आईंनी हात लावू दिला नाही," ज्योत्स्ना म्हणाली. मग तीच म्हणाली, "करून बघू. खापर तर आहे ना."

खापर आहे! मी आनंदानं माळ्यावरून उडीच मारणार होतो.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं मला खाली उतरवलं. सासूच्या नावाचं काम, तर भांडं कसं लख्ख हवं, म्हणून तिनं मला मोरीत नेलं आणि साबण लावून काथ्यानं खसाखसा घासलं. माझी माती घटाघटा फेस प्यायली. चैताली क्लासवरून आली आणि दारातच थबकली.

"मम्मी, आजी त्याला पाणी लावायची नाही गं."

ज्योत्स्ना तशीच ओल्या फरशीवर बसली. "त्यांचं एवढं एक राहिलं होतं," ती म्हणाली, "तेही मी घालवलं." मला तिला सांगायचं होतं, की बाई, तुझ्या हाताचा राग आला नाही, इतक्या महिन्यांनी कुणी हात लावला हेच खूप झालं. पण मला कुठलं तोंड?

चैतालीनं मला गच्चीवर नेलं. नाशिकचं ऊन त्या दिवसांत माझ्यासाठी राबलं. ती सकाळी मला या कुशीवर करायची, दुपारी त्या कुशीवर. पाठीला हात लावून बघायची, नाक लावून हुंगायची. आखाजीपर्यंत मी वाळलो. निदान वरून तरी वाळलो.

आज आखाजीच्या सकाळी चूल पेटली. धनराज घाईघाईनं लाकडं सारू लागला आणि माझ्या अंगातून आवाज आला, टच्. तिघंही जागच्या जागी थिजली. माझ्या काठापासून मध्यापर्यंत केसाएवढी चीर गेली होती.

"गेलं," धनराज म्हणाला. "मी फोन करतो त्या ऑर्डरवाल्यांना."

"पप्पा, थांबा." चैतालीनं जळती लाकडं बाहेर ओढली. "आजी म्हणायची, त्याले येळ लागस. लागू दे वेळ." ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि एकेक काटकी सारू लागली. मी अंग घट्ट धरलं. मनात म्हटलं, आज फुटायचं नाही, फुटायचंच असेल तर उद्या फूट. आणि मित्रांनो, ती चीर तिथेच थांबली.

चैतालीनं गोळा हातावर घेतला. या हातावरून त्या हातावर नेला आणि मनगटाशी तो फाटला. तसाच माझ्यावर पडला, मध्ये भोक, एका बाजूला जाड, कडेला काळा. मग ज्योत्स्ना पुढे झाली. इतकी वर्षं तिला नुसतं बघायलाच मिळालं होतं, पण बघितलेलं वाया गेलं नव्हतं. तिचा मांडा वाकडातिकडा झाला, पण अखंड माझ्या पाठीवर उतरला. मी सुद्धा जीव ओतून भाजला.

धनराजनं तो अखंड मांडा आगारीला न्यायला उचलला.

"तो नको," चैताली म्हणाली. "माझा फाटका न्या."

"अगं, पहिल्या आखाजीचा घास, आणि फाटका?"

"पप्पा, फाटका मांडा घरात कुणाचा असायचा?"

धनराजनं अखंड मांडा खाली ठेवला. चेहरा जरा वळवला आणि आपल्या आईच्या बोलीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "हाऊ फाटेल मन्हा शे." मग त्यानं फाटका मांडा उचलला.

फाटक्या मांड्याचा घास निखाऱ्यावर गेला, वर तूप पडलं आणि ज्वाळा उठली. "आई, गोड मानून घ्या," ज्योत्स्ना म्हणाली. मग गच्चीवर रडणं झालं, हसणं झालं, आमरसाची पातेली रिकामी झाली. शेजारच्या बायकाही जिना चढून आल्या.

मित्रांनो, खापराला पाणी लावू नका, हे तर सांगतोच. पण तुमची आजी असेल, तर तिच्याजवळ आजच जाऊन बसा आणि गोळा स्वतःच्या हातावर मागून घ्या. ती नको म्हणेल. तरी मागा. फाटला तर फाटला.

माझ्या चिरेची खूण आता प्रत्येक मांड्यावर उमटते आणि मला तिची लाज वाटत नाही. आज शेवटचा मांडा मात्र ज्योत्स्नाच्या हातून फाटला. चैतालीनं तो घ्यायला हात पुढे केला. ज्योत्स्नानं ताट आपल्याकडे ओढलं.

"राहू दे," ती म्हणाली. "फाटका माझा."