लेपाखालचा तळवा

मित्रांनो, मी हिंगोलीतल्या एका दवाखान्यातलं जुनं एक्स-रे मशीन आहे आणि मला हळदीच्या लेपाची किळस येते. मला इथं आणलं त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला होता. आता माझ्या टेबलाचं रेक्झिन फाटलंय आणि फटींत हळद, तेल, चिकट मळ साचलाय. पुसायला कुणाला वेळ नाही. शी!

हळद बाजारातला हमाल पेमा असाच आला. पोत्यासकट पडला आणि पाऊल वाकडं होऊन वजनाखाली सापडलं. घरच्यांनी 'मुरगळला' म्हणत चोळचोळ चोळलं, वर बोटभर लेप थापला. लेपासकटच त्याला माझ्यावर झोपवलं. घाईतल्या डॉक्टरांनी नाक मुरडून लांबूनच फोटो पाहिला आणि हाड शाबूत ठरवलं. पायाला कुणी हातही लावला नाही. माझा संताप झाला. झोपलेल्या पायावर भार नसतो, त्यामुळे सरकलेली हाडंही कधीकधी जागेवरच दिसतात.

पुढे चोळणं चालूच राहिलं आणि पेमाची काठी सुटेना. त्याची चूल त्या पायावर चालायची. मग हाडांच्या डॉक्टर सरिता मॅडम आल्या.

"आधी हा लेप धुवा."

"मॅडम, लेप काढला तं गुण जातो म्हणतेत."

"धुवा म्हणते ना!"

पिवळा चिखल वाहून गेला आणि तळव्यावर निळसर डाग दिसला. पावलाच्या मधला सांधा निखळल्याची ती खूण इतके दिवस हळदीखाली दडली होती.

"आता दोन्ही पायांवर उभे राहा."

"लई तकलीफ होऊन राहिली, मॅडम!"

पण भिंत धरून तो उभा राहिला. फोटोत दुखऱ्या पायाच्या अंगठ्यामागच्या हाडाशेजारी फट उघडी पडली. ऑपरेशनमध्ये कळलं, सांध्यातली मऊ गादी, म्हणजे कूर्चा, चुरगळली होती. मॅडमनी धातूची पट्टी आणि स्क्रू बसवून सांधा कायमचा जुळवला. पेमा आज काठीशिवाय चालतो. पोतं मात्र उचलवत नाही.

परवा तोच त्याच्या लेकीला, शिलाला घेऊन आला. पोरगी पायरीवरून घसरली होती. पाय पिवळाजर्द!

"लेप कुणी लावला?" मॅडमनी विचारलं.

"म्याच," पेमा म्हणाला. "पण पातळच लावला."

मॅडमनी पाणी मागवलं. पिवळे ओघळ माझ्या टेबलावर सांडले आणि शिलाचा तळवा निळा निघाला.

मित्रांनो, हळद भाजीत घाला. सुजलेलं पाऊल आधी धुवा, आणि तळवा बघा.