टँकर कुठवर आला?

जितेंद्रला गाडीतून उतरताना पाहिलं आणि उन्नतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड वर करून आलाच कसा हा माणूस! कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढे होता, आता मिहान उद्योगनगरीतल्या पाणीटँकरच्या कंपनीत साहेब होता.

हुडकेश्वरच्या तिच्या गल्लीत उन्हाळाभर टँकरचाच आधार. गेल्या वर्षी तिनं टँकर कुठवर आला ते दाखवणारं ॲप बनवलं. टँकरचा ठावठिकाणा कंपनीच्या यंत्रणेतून मिळायचा, आणि जितेंद्रनंच तेव्हा पाठ थोपटली होती. बायकांचं उन्हात ताटकळणं थांबलं. मग एका सकाळी ॲप मुकं झालं. कंपनीनं तिला यंत्रणेतून बाहेर काढलं होतं आणि पुढं तेच ॲप, मेल्यांनी रंगसुद्धा न बदलता, स्वतःच्या नावानं आणलं. जितेंद्रला फोन केला तर म्हणे, यंत्रणा आमची, कोणाला आत घ्यायचं ते आम्ही ठरवू. ॲप मुकं झालं त्या सकाळी शेजारच्या सिंधूताईंचा टँकर चुकला. रिकाम्या बादल्या घेऊन त्या उन्नतीलाच वाट्टेल ते बोलल्या. ते तिला फार लागलं.

मग तिनं कंपनीचा नादच सोडला. कंपनी ज्यांचे टँकर भाड्यानं घ्यायची त्या टँकरमालकांना एकेक करून गाठलं, चहा पाजला, शिव्याही खाल्ल्या. ठरवून घेतलं ते एवढंच: टँकरवरच्या फोननं आपली जागा कशी कळवायची त्याचा एक नियम, सगळ्यांना खुला. मधे कोणी मालक नाही. नियम पाळा आणि हवं ते बनवा. लोकांनी बनवलंही! मनीषनगरच्या वेदिकानं बहिऱ्या सासऱ्यांसाठी टँकर गल्लीत वळला की घरात दिवा लागेल असं केलं. कोणी गढूळ पाण्याची बोंब सगळ्यांपर्यंत पोचवणारं काढलं. यातलं निम्मं उन्नतीला सुचलंही नसतं. कंपनीचं ॲप मात्र होतं तिथंच राहिलं, आणि लोक इकडे सरकले.

म्हणून साहेब आज तिच्या दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. तिनं पाणीही विचारलं नाही. आढेवेढे घेत तो म्हणाला, कंपनीचं ॲप या नियमाला जोडायचं आहे, तुझी परवानगी पाहिजे.

याच दिवसाची तर ती वाट पाहत होती! टँकरमालक तिचं ऐकायचे. मनात आणलं असतं तर नियमाला कुलूप घालता आलं असतं. नाही हा शब्द ओठांवर आलाही. पण कुलूप घातलं की किल्ली तिच्याकडे येणार, आणि उद्या वेदिकालाही याच खुर्चीत येऊन बसावं लागणार. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"परवानगी काहून मागून राहिले, भाऊ? वेदिकानं नाही विचारलं. नियम वाचा, जोडून घ्या."

तो सुटल्यासारखा हसला. "मले वाटलं, तू राग धरशील."

"राग आहेच. जनमभर राहील. त्याच्यापायी मी कोणाचं पाणी नाही अडवत." ती उठली. "उठा आता. टँकर वळला, तुमची खुर्ची पाइपच्या आड येते."