गंगाबाईच्या कवळीचं अस्तर

मित्रांनो, हसायचं ते आधीच हसून घ्या. मी एक जुनी कवळी आहे, तीही खालच्या जबड्याची. वरची टाळूला चिकटून ऐटीत बसते. मला मात्र जिभेशी मारामारी करत तग धरावा लागतो. सध्या मी पनवेलच्या खाडीकाठी एका पत्र्याच्या डब्यात, गळ आणि सुतळीच्या शेजारी पडून आहे. गळांशी गप्पा होत नाहीत. ते नुसते टोचतात.

साठ सालानंतरची गोष्ट. बाजारातल्या दातांच्या डॉक्टरांनी मला गंगाबाईसाठी घडवलं. गंगाबाई म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी धवलारीण. दात गेले आणि तिचे शब्द फुसफुसायला लागले. नातीचं, वेणूचं लग्न ठरलं, तर व्याही म्हणाले, "दुसरी धवलारीण आना. हिचा एक शब्द कलत नाय." म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. म्हणून मी आले.

मला घालून ती हसली तेव्हा तिचा नवरा बुधाजी, खाडीतला होडीवाला, म्हणाला, "गो, तूच नवरी दिसतंस!"

"चावंन हां!" बाई म्हणाली.

पण मी कडक आणि तिची हिरडी नाजूक. गायला लागली की मी घासायचे, डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, "आतून मऊ अस्तर लावू." त्यांनी काचपेपरने माझं पोट खरखरीत केलं आणि मला बुधाजीच्या हातात दिलं. "अस्तराचं सामान उद्या मुंबईहून येईल. तोवर हिला काही लावू नका. कोरडी आणा."

घरी बुधाजीने माझ्यावर बोट फिरवलं आणि कळवळला. "आरे, कवरे ओरखडे काडले!" होडीला ओरखडा पडला की तो काय करायचा? मासळीचं तेल चोळायचा. पाण्यात राहणाऱ्या वस्तूला तेल हवंच, हे त्याचं शास्त्र. त्याने मलाही चोळलं, अगदी मायेने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाक मुरडलं. "कसला वास येतोय?"

"आमच्या घरानच मासली हाय, डाक्टर," बुधाजी म्हणाला. खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

डॉक्टरांनी मला पाण्याने धुतलं, पुसलं आणि अस्तर चढवलं. तेल मात्र ओरखड्यांत लपून बसलं होतं, आणि तेलावर अस्तर धरत नाही. मला कळत होतं, पण तोंडाबाहेर मला कोण विचारतो?

लग्नापर्यंत मजा होती. मऊ गादीवर बसल्यासारखं वाटायचं, बाई घरभर गात फिरायची. मांडवात तिने धवला उचलला आणि व्याह्यांची मान डोलायला लागली. तेवढ्यात माझ्या कडेने अस्तर सुटलं. आधी नखाएवढं, मग पानासारखं लोंबायला लागलं. थुंकी आत शिरली. मी डुगडुगले, बाईच्या हिरडीला कचकन लागले आणि गाणं थांबलं.



बाईने मला काढून बुधाजीच्या हातात दिलं. त्याने मला बंडीच्या खिशात टाकलं. व्याही उठायला लागले, तोच वेणूचा आवाज आला. नवरीने मान खाली घालून बसायचं असतं, पण ती आजीला म्हणाली, "आये, तू सूर धर. शब्द मी सांगतंय."

म्हातारीने सूर धरला, नवरीने शब्द दिले आणि लग्न लागलं. ज्या गाण्यासाठी माझा जन्म, ते मी खिशात, तंबाखूच्या चंचीशेजारी ऐकलं. फार सुंदर झालं. माझ्यावाचून झालं.

पुढे गावातल्या पोरी तिच्या शेजारी बसून शब्द देऊ लागल्या. मला कुणी डॉक्टरांकडे नेलं नाही. मग बाई गेली आणि मी या डब्यात आले.

मित्रांनो, एकावर एक काही टिकवायचं असेल तर आधी घासा, पुसा, कोरडं करा. खरखरीतपणाला घाबरू नका, त्यातच पकड असते. आणि कवळी पाण्यात ठेवा, गळांत नको.

बुधाजी अजून होडीला तेल लावतो. बोटाला उरलेलं तेल डब्यात हात घालून मला चोळतो. "ओरखडे अजून हायेत गो तुजे," म्हणतो. मी त्याला थांबवत नाही. आता माझ्यावर कुठलं अस्तर चढायचं आहे?