माणिक निवेपर्यंत

"पाणी कुठंय? पाणी दे!"

दादा ओरडला तेव्हा त्याच्या चिमट्यात अंगठी होती आणि अंगठीतलं माणिक लाल नव्हतं. हिरवट करडं. शेवाळ धरलेल्या खड्यासारखं.

अंगठी वहिनीची. बोटं सुजली म्हणून हॉस्पिटलात अंगठी कापून काढली. आज तिचं ऑपरेशन. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलंय, फार आशा धरू नका. वहिनीला कुणी बोललं नाही, पण ती काय दूधखुळी आहे? म्हणाली, "आत नेण्याआधी माझी अंगठी जोडून आणा. बोटात नाही गेली तरी चालेल. नुसती बघेन."

एवढंच मागितलं तिने.

खरं तर खडा काढून मग सांधा झाळायचा, म्हणजे ज्योतीवर जोडायचा असतो. पण धरणारे काटे झिजलेले, वाकवले की तुटणार. म्हणून दादाने खड्यासकट ज्योत दिली. सोनारकामात त्याचा जन्म गेलाय. माणिक तापलं की रंग सोडतं, निवलं की परत घेतं, हे त्याच्या हाताला पाठ आहे. मी मोबाइलवर वाचून त्याला शास्त्र सांगायचो. "दादा, हे शुद्ध असतं ना, तर काचेसारखं दिसलं असतं. कणभर क्रोमियम मिसळलंय म्हणून लाल. तापलं की आतली मांडणी सैल होते, मग तो कण वेगळाच उजेड गिळतो."

"तू आधी समोरचं जेवण गिळ," तो म्हणायचा.

नवं लग्न झालेलं तेव्हा त्याने हीच अंगठी वहिनीसमोर तापवली होती. रंग गेला तशी ती रडायलाच लागली. "माझ्या आईचा खडा जाळलात!" दादा हाताची घडी घालून बसला. "हात लावू नकोस. निवू दे." लाली हळूहळू परतली. तेव्हापासून घरात काहीही बिनसलं की वहिनीच म्हणते, "निवू दे."

आज झाळ बसली आणि तेवढ्यात फोन आला. वहिनीची बहीण. "दाजी, पळत या. आत्ताच नेतायत तिला."

"दादा, पाण्यात नको," मी म्हटलं, "तडकेल. तूच सांगतोस ना! वाटेत निवेल की."

"हा मेलेला रंग दाखवू तिला? आज?"

पाण्याची वाटी त्यानेच ओढली. चर्र झालं. आणि आत बारीक टक्.

लाली आली. गडद, भरलेली. मधून या कडेपासून त्या कडेपर्यंत चीर.

सुई पडली तरी शिव्या देणारा माणूस. नुसती अंगठी शर्टाला पुसली आणि हॉस्पिटलकडे पळत सुटला.

वहिनीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. तिचा चेहरा बघून मी खाली बघायला लागलो.

"आला रंग?"

"आला." दादाने अंगठी धरली, चिरेवर अंगठा ठेवून.

तिने सुजल्या बोटाने त्याचा अंगठा सरकवला. बघत राहिली.

"घाई केलीत."

दादा अंगठी मागे घ्यायला लागला, तिने ती धरून ठेवली.

"असू दे हो. लाल आहे ना."

नर्स म्हणाली, आत दागिना चालत नाही. वहिनीने अंगठी दादाच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं एकेक करून मिटवली.

दार लागलं.

दादा बाकावर बसलाय. मी पाण्याचा ग्लास आणला. त्याने ग्लासाकडे बघितलं, नको म्हणून मान हलवली. मूठ मिटलेलीच आहे.