जुना सेल दाखव

मंडळी, निवृत्त झाल्यावर पगार निम्मा होतो. पण पोट, दात आणि गुडघे काही निम्मे होत नाहीत. उलट दात आणि गुडघे जास्तच मागू लागतात. तेव्हा काटकसर करणाऱ्या माणसाला हसू नये. मीही हसणार नाही. फक्त स्टोअरकाकांच्या घरी काय झालं ते सांगतो. ऐका, आणि मग आपापल्या घरात एकदा डोकावून बघा.

स्टोअरकाका म्हणजे कारखान्याच्या सामानघरात बत्तीस वर्षं खिडकीमागे बसलेला माणूस. त्यांचा नियम एकच. जुनं दाखवा, नवं न्या. फाटका हातमोजा आणला तर नवा जोड मिळे, झिजलेलं पातं आणलं तर नवं पातं मिळे. साहेब स्वतः आले तरी नियम तोच. निरोप समारंभात सगळ्यांनी या नियमाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि काका तो नियम कारखान्यात ठेवून येण्याऐवजी घरी घेऊन आले.

दुसऱ्याच महिन्यात घरातल्या एका कपाटाला कुलूप लागलं. साबण, काडेपेट्या, चहा, बल्ब, औषधं, सगळं आत. किल्ली काकांच्या गळ्यात, दोरीला.

"अहो, साबण संपला."

"जुना कुठाय?"

बायकोने ओला तळहात पुढे केला. त्यावर नखाएवढी चकती. काकांनी ती उजेडाकडे धरून नीट पाहिली.

"अजून दोन आंघोळी निघतील."

"तुमच्या की माझ्या?"

"चेष्टा नको. उद्या लेकीपुढे हात पसरायची वेळ आली म्हणजे कळेल!"

यात खोटं काहीच नव्हतं. लेक परगावी, तिचा संसार नवा, पदरात वर्षाची मुलगी. तिच्यावर भार पडू नये ही भीती काकांना आतून कुरतडत होती. पण भ्यालेला माणूस कात्री घेतो तेव्हा ती आधी शेजारच्याच्या कपड्याला लावतो. धुणंभांडी करणाऱ्या बाई बंद झाल्या. बायकोचं वाचनालय बंद झालं. दुपारचा पंखा बंद झाला. दुपारी काका क्लबात पत्ते खेळायला जात, त्यामुळे पंख्याची गरज त्यांना कधी जाणवली नाही.

बायकोला कमी ऐकू यायचं. डावा कान गेलेलाच होता, उजव्यात मशीन बसवलं होतं. त्याचा सेल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, आठवडाभर पुरणारा. तोही कपाटात. तोही जुना दाखवल्यावरच.

अशात काकांची थोरली बहीण दोन दिवस राहायला आली. अक्का म्हणजे चाळीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. चार पोरांपैकी तीन बोलत असली, तर तिचं लक्ष गप्प बसलेल्या चौथ्याकडे.

सकाळी काका पेपर वाचत होते. स्वयंपाकघरात बायको पाठमोरी भांडी घासत होती आणि बाजूचा नळ भळाभळा वाहत होता.

"अगं, नळ!" काका ओरडले. "पाणी काय फुकट येतं? किती वेळा सांगायचं?"

ती घासतच राहिली.

"पाहिलंस अक्का? या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं."

 अक्का उठली, आत गेली, भावजयीच्या अगदी मागे उभी राहिली आणि उजव्या कानाजवळ जोरात टाळी वाजवली. काका दचकले. शेजारच्या खिडकीतलं मांजर पळालं. बायको मात्र कढईच्या बुडाशी चिकटलेलं काळं खरवडत होती.

"अरे, हिला काहीच ऐकू येत नाहीये!"

अक्काने तिला खांद्याला धरून वळवलं आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. "मशीन कुठाय?"

बायको ओशाळली. हात पुसून तिने खण उघडला. स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं मशीन निघालं.

"सेल संपला वन्सं," ती जरा मोठ्याने म्हणाली. आपला आवाज किती मोठा आहे ते तिला कळत नव्हतं. "बदलायला काढला आणि बेसिनमध्ये पडला. वाहून गेला. जुन्याशिवाय नवा मिळत नाही आमच्याकडे."

"किती दिवस झाले?"

तिने ओठ वाचले आणि बोटांवर मोजलं. "एकोणीस."

काकांच्या हातातला पेपर खाली आला. "एकोणीस दिवस! अगं, मी रोज बोलत होतो तुझ्याशी!"

"दिसत होतं की," ती म्हणाली. "नळ, दिवा, गॅस. तुमचं सगळं पाठ आहे मला. ओठ हलले की मान हलवायची."

"मागायचा ना मग!"

"मागितला असता तर तुम्ही बेसिनचा पाइप खोलायला बसला असता."

काकांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. कारण ते खरंच पाइप खोलायला बसले असते.

अक्काने खुर्ची ओढली. बालवाडीतल्या हट्टी पोरासमोर बसावं तशी ती भावासमोर बसली.

"बाळ, आता मला नीट सांग. घरात काय काय बंद केलंस?"

काकांनी सांगितलं.

"यातलं तुझं काय होतं?"

"माझं म्हणजे?"

"पेपर दोन येतात. क्लबची वर्गणी चालू आहे. तीन वर्षं किक न मारलेली स्कूटर अंगणात उभी आहे आणि तिचा विमा तू भरतोस. ती विक. पेपर एक कर. काटकसर कर रे, जरूर कर! पण बचत आणि जप्ती यांत फरक आहे. दोघांनी बसून ठरवलं तर ती बचत. एकाने किल्ली गळ्यात बांधायची आणि दुसऱ्याने हात पुढे करायचा, ही जप्ती! लेकीपुढे हात पसरायला नको म्हणून तू बायकोला रोज हात पसरायला लावलास!"

काका काहीतरी बोलणार होते, पण त्यांना एकदम मागचा रविवार आठवला. लेकीचा फोन आला होता. पलीकडून नात पहिल्यांदा स्पष्ट "आजी" म्हणाली होती. काकांनी ते ऐकलं आणि उत्साहाने फोन बायकोच्या कानाला लावला. नात पुन्हा पुन्हा हाक मारत होती आणि बायको नुसती हसत होती. हसून तिने फोन परत दिला. लेकीने विचारलं, "आईला बरं वाटलं नाही का?" काका म्हणाले होते, "तिला कामं पडलीत."

त्यांनी गळ्यातली दोरी काढली. कपाट उघडलं. सेलचं पाकीट समोरच्याच फळीवर होतं. आत पाच सेल, एकोणीस दिवस, जसेच्या तसे.

बायकोने सेल बसवला. मशीन कानात घातलं. बारीकशी शीळ वाजली आणि तिने डोळे मिटले. नळ अजून वाहत होता. तो तिने जाऊन बंद केला, मग येऊन काकांसमोर बसली.

"बोला," ती म्हणाली. "सेल चालू आहे. फुकट जायला नको."

काकांनी तोंड उघडलं. नळ, दिवा आणि गॅस सोडून दुसरं वाक्य त्यांना सापडेना. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं सामानघर रिकामं झालं होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता!

शेवटी त्यांनी किल्ली पुढे केली.

"मला नको," ती म्हणाली. "कपाट उघडंच राहू द्या."

स्कूटर विकली गेली. एक पेपर बंद झाला. भांड्यांच्या बाई परत आल्या, आणि तरीही महिना निभावला. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा नात दहादा "आजी" म्हणाली आणि आजीने दहादा ऐकलं. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "पहिल्यांदा कसं म्हणाली होती हो?"

काकांनी घसा साफ केला. घोगऱ्या आवाजात, जमेल तितकं लहान होऊन ते म्हणाले, "आ… जी."

बायकोने लक्ष देऊन ऐकलं. मग मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "असं नसेल म्हणाली."

मंडळी, खर्च कमी करायचा तर कात्री आधी स्वतःच्या कपड्याला लावा, आणि लावताना दोघांनी मिळून कापड धरा. घरातलं माणूस कुरकुर करेनासं झालं तर त्याला काटकसर पटली असं समजू नका. जवळ जा आणि बघा, त्याला अजून ऐकू येतंय ना. साबण पुन्हा मिळतो, सेल पुन्हा मिळतो. नातीची पहिली हाक मात्र काहीही जुनं दाखवलं तरी कोणत्याच खिडकीवर परत मिळत नाही.