वेणा बँडचा कॉर्नेट

१९५४च्या त्या फाल्गुनात वेणा बँडची एकही तालीम सगळ्यांच्या हजेरीने झाली नाही.

बँड तसा लहानच, सहा जणांचा. सगळे हिंगणघाटच्या कापडगिरणीतले. नरहर गिरणीत हजेरी कारकून होता आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. कोण कोणत्या पाळीला आहे ते त्याच्याच वहीत असल्यामुळे तालमीची वेळ ठरवायचं काम आपोआप त्याच्या गळ्यात पडलं होतं. ड्रमवाला मधू मागावर, त्याची दुपारपाळी. श्रीधर कताई खात्यात, त्याची सकाळपाळी. पोटाशी धरायचा तो भला मोठा पितळी युफोनियम तो वाजवायचा. ढोलवाला आणि झांजवाला सख्खे भाऊ, पण वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. एक आला की दुसऱ्याला घरी काम निघायचं. नरहर सायकलवर या घरून त्या घरी हिंडायचा, पाचांना गोळा करायचा, आणि तेवढ्यात मधूच्या पाळीचा भोंगा व्हायचा.

सहावे तानबा मास्तर. बँड त्यांचाच. तरुणपणी ते कामठीला पलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखा पितळी बाजा, शिकले, परत येऊन गिरणीत लागले आणि बावीस वर्षांपूर्वी त्यांनी हा बँड उभा केला. आता ते पंचावन्नचे होते. बँडमधल्या प्रत्येकाला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

वेणा बँडचं नाव होतं ते सलामीसाठी. वरात निघायच्या आधी सगळी वाद्यं गप्प व्हायची. मास्तर दोन पावलं पुढे येऊन एकटेच कॉर्नेट उचलायचे. धून चढत चढत जायची आणि शेवटचा सूर इतका उंच, इतका वेळ टिकायचा की गर्दीतली माणसं आपलाही श्वास धरून उभी राहायची. त्या एका सुरासाठी आर्वीपासून बोलावणी येत.

पण संक्रांतीपासून मास्तरांनी तालमीत सलामी वाजवली नव्हती. वर्ध्याच्या प्रभाकररावांकडचं लग्न पंधरा दिवसांवर आलं तेव्हा नरहरला राहवलं नाही.

"मास्तर, आज सलामी एकदा घेऊ न."

"सलामी काय तालमीत वाजवाची गोष्ट हाय?" मास्तर म्हणाले. "बावीस वर्षं वाजवून राह्यलो. तू आपलं पाह्य."

मग त्यांनी वरातीची धून सुरू केली. वर जायची जागा आली आणि कॉर्नेट थांबला. मास्तर हाताने ताल देऊ लागले. मोकळी जागा कानाला खटकली म्हणून नरहरने ती क्लॅरिनेटवर भरून काढली. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"तुले कोणं सांगतलं तिथं घुसाले?"

"जागा रिकामी पडली, मास्तर."

"पडली नाई. मी सोडली. पडलेली अन् सोडलेली, फरक कळते का तुले?"

"रोजच सोडता मास्तर तुमी," मधू ड्रमच्या काड्या फिरवत म्हणाला.

मास्तर त्याच्याकडे वळले, आणि मग सूर, ताल, आजकालची पोरं, सिनेमाची गाणी, सगळ्याचा उद्धार झाला. पाळी करून आलेला श्रीधर तेवढ्यात युफोनियमवर डोकं टेकून झोपी गेला. तालीम तिथेच संपली.

घरी आल्यावर नरहरने सायकल भिंतीला आदळली. त्याची बायको सुमती ताट वाढत होती.

"सोडून द्या न मंग," ती म्हणाली. "कोणं बांधून ठेवलं तुमाले?"

"सोडून करू काय? दिवसभर लोकायच्या नावापुढं टिकल्या मारू?"

"आताही तर तेच करून राह्यले. तिथं पाळीवर कोण आलं ते पाहाचं, इथं तालमीले."

नरहर जास्तच चिडला आणि अर्धपोटी उठला.

लग्नाच्या दिवशी सहाही जण सकाळच्या गाडीने वर्ध्याला पोचले. दोघं भाऊ डब्याच्या दोन टोकांना बसले होते. प्रभाकरराव कापसाचे दलाल, हौशी माणूस. मुलीच्या लग्नाला त्यांनी नागपूरचे, अमरावतीचे पाहुणे बोलावले होते. नवरदेवाला जानवशावरून मांडवात आणायचं होतं, मुहूर्त गोरज. चार वाजल्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया लेकरं घेऊन उभ्या होत्या. प्रभाकरराव स्वतः पाहुण्यांना पुढे आणत होते. "आता ऐका. असा सूर तुमच्या नागपुरात नाई भेटणार."

नवरदेव घोड्यावर बसला. मास्तर दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी कॉर्नेट ओठाला लावला.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत सूर थरथरला. थांबा, इथूनच उतरा, असं नरहर मनात म्हणत होता. मास्तर उतरले नाहीत. ते वर गेले, आणि शेवटच्या सुराच्या जागी नुसता वारा फुटला. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्सकन वारा, आणि त्याच्या मागे बकरीसारखा एक आवाज. एक पोरगं हसलं. मग त्याची आई हसली. मग घोडेवालासुद्धा हसला.

मास्तरांचा चेहरा काळवंडला. ते गर्दीकडे पाठ करून बँडकडे फिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "नरहर, मधात सूर काऊन लावला? माह्या सलामीचा नास केला तू!"

नरहरने क्लॅरिनेट तोंडाजवळही नेलं नव्हतं. तो तोंड उघडायच्या आत बोलला मधू.

"त्यानं काई नाई केलं. तुमचं तुमाले जमून नाई राह्यलं अन् नाव त्याच्यावर टाकता?"

"चूप बस! बाहेर हो बँडच्या!"

"हा घ्या, झालो." मधूने पट्टा गळ्यातून काढला, ड्रम भर रस्त्यात ठेवला आणि गर्दीतून वाट काढत तो स्टेशनच्या दिशेने निघून गेला.

प्रभाकरराव धावत आले. "नरहरराव, हे काय होऊन राह्यलं? मुहूर्त टळते ना!"

नरहरने मग सगळ्यात सोपी, सगळ्यांना येणारी नाचाची धून धरली. ढोलवाल्याने ठेका दिला, त्याच्या भावाने झांज दिली, श्रीधरने खालचा सूर धरला. वरात हलली. मांडवापर्यंतचा अर्धा कोस चौघांनी अशा तीनच धुना आलटून पालटून वाजवल्या. नरहरचे ओठ सुजले. मास्तर कॉर्नेट काखेत धरून मागून चालत होते, जणू ते या बँडचे नाहीतच. मांडवाच्या दाराशी प्रभाकरराव एवढंच म्हणाले, "तुमच्या भरवशावर होतो मी." ते रागावले असते तर नरहरला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. ज्यांचं आधीपासून बंद होतं ते दोघं भाऊच तेवढे शेजारी बसले होते.

तीन दिवस नरहरने राग पोटात ठेवला. चौथ्या दिवशी गिरणी सुटल्यावर तो सरळ मास्तरांच्या घरी गेला. आता सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच. मास्तर बाजारात गेले होते. त्यांच्या बायको देवकाबाई ओसरीवर वाडग्यात भाकरी कुस्करत होत्या. वरून वरण ओतून त्यांनी तो काला पार मऊ केला.

"एवढी पातळ भाकर कोणाले, काकू?"

देवकाबाईंनी दाराकडे पाहिलं. "त्याइलेच. नरहरभाऊ, मी सांगतलं म्हणून सांगजा नोको. संक्रांतीच्या आंधी समोरचा एक दात पडला. बाजूचा हालते. तो त्याइनं दोऱ्यानं बांधला हाय, पलीकडच्या दाताले. त्याच्यावरच दाबून वाजवतेत. वर्ध्याहून आले त रुमाल रक्तानं भरला होता."

नरहरला वाटलं होतं, आपल्याला दया येईल. पण त्याला संताप आला. तीन महिने हा माणूस आपल्याला बेसूर ठरवत होता, आणि तीन महिने आपण घरी जाऊन क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी घासत होतो, आपलंच चुकतं म्हणून. मधू गेला. वर्ध्यात नाव गेलं. आणि हे सगळं एका दातापायी!

मास्तर आले. नरहरला पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली. देवकाबाई आत गेल्या.

"मास्तर, दात दाखवा."

मास्तर ओसरीवर टेकले. "घरच्याइनं सांगतलं वाट्टे."

"तुमी काऊन नाई सांगतलं?"

"सांगून तू काय केलं असतं?"

"सलामी काढली असती. दुसरं काई बसवलं असतं."

"अन् मंग वेणा बँडले बोलावलं कोणं असतं?" मास्तर म्हणाले. "तीन धुना त गावोगावचे बँड वाजवतेत."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच नरहरला ते सहन झालं नाही.

"तर मंग श्रीधरले शिकवा कॉर्नेट. त्याची फुंक चांगली हाय."

"श्रीधर? तो बाजा वाजवता वाजवता झोपते."

"त मोडू द्या बँड?"

"मोड!" मास्तर ओरडले. ओरडताना त्यांनी सवयीने तोंडापुढे हात धरला. "तुह्या वहीतली नावं काटते ना तू? तसं काट."

नरहर चपला घालून निघाला. वाटेत त्याने ठरवलं, बस्स झालं. तालीम नाही, सायकल नाही, कोणाच्या दारात उभं राहणं नाही. पुढचे आठ दिवस तो संध्याकाळी घरी बसला. पहिले दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवसापासून तो सुमतीच्या स्वयंपाकात चुका काढू लागला. आठव्या दिवशी तिने क्लॅरिनेटची पेटी खुंटीवरून काढून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "जा बाप्पा. बाहेर जाऊन कोणावर ओरडाचं त ओरडा."

तो आधी मधूकडे गेला. मागांच्या खडखडाटात मधूला कानाशी तोंड नेऊन, परत ये म्हणून, सांगावं लागलं. मधूने नकारार्थी मान हलवली. तो वर्ध्याच्या एका बँडमध्ये लागला होता. "तिथं कोणी बोलत नाई मले," तो ओरडून म्हणाला. मग जरा थांबून पुन्हा म्हणाला, "सलामी बी नाई तिथं. पण ठीक हाय."

ड्रम शेवटी झांजवाल्याने उचलला. झांज कोणी वाजवायची यावरून दोघा भावांचं वर्षाने पहिलं बोलणं झालं, आणि ते भांडणच होतं. श्रीधरने नरहरच्या आग्रहाखातर एक जुना, पोचे आलेला कॉर्नेट कुठूनसा आणला. त्यातून निघणारा आवाज ऐकून शेजारच्या विमलाबाईंनी खिडकी लावून घेतली. अशा चौघांची तालीम चालू राहिली, कधी तिघांची.

मास्तर नागपूरला जाऊन आले. उरलेले पुढचे दात काढून त्यांनी कवळी बसवली. देवकाबाई सांगत होत्या, रोज दार लावून फुंकतात, कवळी जागेवरून सुटते, घास अडकल्यासारखं करतात आणि कॉर्नेट गुंडाळून ठेवतात. महिनाभर हेच चाललं.

आषाढात एका सुट्टीच्या सकाळी मास्तर न बोलावता तालमीच्या खोलीत आले आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसले. श्रीधर फुंकत होता.

"चूल पेटवून राह्यला का?" मास्तर म्हणाले.

श्रीधरचे कान लाल झाले. त्याने पुन्हा फुंकलं.

"गाल फुगवू नोको. ओठ आवळ. इथून." मास्तरांनी स्वतःच्या ओठाच्या कडेला बोट लावलं. कवळीमुळे शब्द सैल पडत होते. "अन् ते डबडं ठेव बाजूले. हे घे. वाजवून झाल्यावर पुसून देजो."

त्यांनी आपला कॉर्नेट पुढे केला. श्रीधरने नरहरकडे पाहिलं, नरहरने मान हलवली, आणि श्रीधरने तो घेतला. नरहरला वाटलं, सुटलो. पण सुटका कसली? बाकावर बसलेला माणूस वाजवणाऱ्या माणसापेक्षा दसपट छळू लागला. आता त्याला श्वास घ्यायलाही थांबावं लागत नव्हतं. त्याने श्रीधरला गाढव म्हटलं, ढोलवाल्याला बहिरा म्हटलं, आणि नरहर अर्धा सूर खाली आहे, हे एका तालमीत चारदा सांगितलं. चौथ्यांदा नरहरने पट्टी नीट बसवून पाहिली. खरंच अर्धा सूर खाली होता.

श्रावणापर्यंत श्रीधर तीनदा सोडून गेला. दोनदा नरहरने त्याला समजावून आणलं. मास्तरांचा स्वभाव, त्यांचं वय, त्यांचा दोरा, सगळं सांगून. तिसऱ्यांदा मास्तरांनी त्याला कॉर्नेट नीट न पुसल्याबद्दल देवकाबाईंसमोर झाडलं, आणि श्रीधर म्हणाला, आता तुमचं तुमी वाजवा.

संध्याकाळी नरहर त्याच्या दारात सायकलवरून न उतरताच उभा राहिला. समजावायला त्याच्याजवळ नवं काही उरलं नव्हतं. सलामी अर्ध्यापर्यंत बसली होती. वरचा सूर अजून लागत नव्हता, पण परवा एकदा लागता लागता राहिला होता, आणि तेव्हा मास्तर बाकावरून उठून उभे राहिले होते. हे श्रीधरलाही माहीत होतं.

"उद्या सुट्टी हाय. सकाळी आठ वाजता," नरहर म्हणाला.

"मी नाई येत."

"आठ वाजता. उशीर करू नोको, ढोलवाल्याले नवाले जाचं हाय."

नरहरने सायकल वळवली.

सकाळी आठला मास्तर आणि नरहर खोलीत होते. साडेआठला दोघं भाऊ आले, पाच मिनिटांच्या अंतराने. नऊला ढोलवाला निघून गेला. सव्वानऊला श्रीधर आला, कोणाकडे न पाहता त्याने कॉर्नेट उचलला आणि ओठ आवळले.

"उशीर," मास्तर म्हणाले. "चाल, सलामी घे. पहिल्यापासून."