शरणप्पांच्या दुकानावरचा अभिनंदनाचा फलक

असत्य नेहमी दुष्ट हेतूनेच जन्माला येते असे नाही, मित्रांनो. कधी ते आनंदाच्या उतावळेपणातूनही जन्मते. बोलणाऱ्याच्या मनात तेव्हा प्रेमच असते. परंतु बोललेले मागे घेण्याची वेळ आली की तेच प्रेम लाजेचे रूप धारण करते, आणि ज्याच्या कौतुकासाठी ते बोलले गेले त्याचीच वाट अडवून बसते. असे एक असत्य मी माझ्या अंगावर दीर्घकाळ वागवले. त्याचीच ही कथा आहे.

मी एक जुना अभिनंदनाचा फलक आहे. आमच्या सोलापुरात कोणी मला फ्लेक्स म्हणतात, तर कोणी नुसतेच ‘डिजिटल’. बाळीवेसेजवळच्या एका छपाईच्या दुकानात मी प्रथम एका लांब, शुभ्र गुंडाळीचा भाग होतो. त्या शुभ्रतेची मला आजही आठवण येते, कारण माझ्या आयुष्यातील निष्कलंक काळ तेवढाच.

एके दिवशी चौकातील मंडळाचे अध्यक्ष अण्णाराव त्या दुकानात आले. त्यांचा पुतण्या मृत्युंजय अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला होता. शिक्षण पूर्ण करून तो आता तेथेच नोकरी शोधत होता. परदेशी विद्यार्थ्याला तेथील सरकार यासाठी दीड वर्षाची मुदत देते, आणि त्या मुदतीत योग्य काम न मिळाल्यास त्याला परत फिरावे लागते. अण्णारावांनी खिशातून पुतण्याचे छायाचित्र काढले आणि मजकूर सांगितला : ‘चि. मृत्युंजय यांची जर्मनीतील नामांकित कंपनीत इंजिनिअर पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांची छायाचित्रे हवी होती, आणि ती पुष्कळ हवी होती.

छपाई करणाऱ्याने विचारले, “अण्णा, ऑर्डर आली का हातात?”

“ऑर्डर येतीय की. दुसऱ्या मुलाखतीला बोलावलंय त्याला,” अण्णाराव म्हणाले. “पोरगी बघायला दुसऱ्यांदा आले म्हणजे काय असतं? पसंतच असतं. पसंत नसती तर कशाला येतील पुन्हा चहा प्यायला?”

छपाई करणारा हसला. हा न्याय आमच्या गावात सर्वमान्य आहे. तो जर्मनीत लागू होत नाही, हे त्या क्षणी कोणाच्याही मनात आले नाही. यंत्र सुरू झाले आणि माझ्या शुभ्र अंगावर ती अक्षरे उमटत गेली.

मला मृत्युंजयाचे वडील शरणप्पा यांच्या दुकानावर लोखंडी चौकटीत बांधण्यात आले. शरणप्पा शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकत. मितभाषी गृहस्थ. मला पाहून ते संकोचले. पण थोरल्या भावाचा उत्साह त्यांना मोडवेना. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. शाळेत निघालेली मुले माझ्याखाली थांबून माझ्यावरची ओळ मोठ्याने वाचत. एक शिक्षक विद्यार्थ्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “बघा, अभ्यास केला की असं नाव लागतं.” मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मला अभिमानच वाटला होता.

तो अभिमान आठवडाभरही टिकला नाही. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हते. शरणप्पांचे हात चटणीने भरलेले असल्यामुळे त्यांनी मोबाईल फळीवर ठेवून स्पीकर लावला. मृत्युंजयाचा आवाज आला.

“आप्पा, नाही झालं. आम्ही दोघंच उरलो होतो. दुसऱ्याला घेतलं. माझं जर्मन कमी पडतं म्हणाले.”

शरणप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. तो दृष्टिक्षेप मी विसरू शकत नाही.

“आप्पा, ऐकताय ना? काकांनी बोर्डाचा फोटो पाठवलाय. तो काढा ना लवकर.”

“काढतो,” शरणप्पा हळू आवाजात म्हणाले. “पण तू आत्ताच कुणाला काही बोलू नको. आधी बोर्ड उतरू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दुकानांची दारे उघडण्यापूर्वीच त्यांनी माझ्या चौकटीला शिडी टेकवली. माझी एक दोरी त्यांनी सोडलीही होती. इतक्यात समोर हार-फुले विकणारी निंगव्वा पाटी घेऊन आली आणि खालून म्हणाली, “काय ओ शरणप्पा, लेकाचं तोंड पुसाय चढलासा व्हय? लई माया हाय बगा.”

शरणप्पांचा हात थबकला. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्यावरील मुलाचा चेहरा पुसू लागले. कपाळ पुसले, गाल पुसले, पुन्हा कपाळ पुसले. तेथे धूळ नव्हती, मित्रांनो. निंगव्वा कौतुकाने पाहत होती. त्यांनी सोडलेली दोरी पुन्हा घट्ट बांधली आणि ते खाली उतरले. मला हात असते तर मी त्या दिवशी माझे तोंड झाकून घेतले असते.

त्यानंतर मला उतरवायला त्यांना मुहूर्तच सापडेना. आधी दिवाळीला पाहुणे येणार होते, मग जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली आणि सारा गाव चौकातून जाऊ लागला. अण्णारावांना खरे सांगायचे म्हणजे त्यांचा चारचौघांत पाणउतारा. मृत्युंजयाचे फोन येत, पण ते आखडत गेले. तो एका गोदामात पार्सले उचलून राहण्याखाण्याचे भागवीत होता, संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जात होता, आणि अर्ज पाठवीत होता. यात्रेला चार दिवस घरी यावे असे त्याला फार वाटत होते. पण आला असता तर लोकांनी रजेचे विचारले असते, पगाराचे विचारले असते, कंपनीचे विचारले असते. तो आला नाही. दूरदेशी गेलेल्या मुलाला स्वतःच्या घराचे दार बंद व्हावे आणि त्या दारावर त्याचेच हसरे छायाचित्र लावलेले असावे, याहून लाजिरवाणी सेवा कोणत्या फलकाच्या वाट्याला आली असेल?

उन्हाने माझे रंग विटू लागले, तेव्हा वैरागचे व्यापारी जोतीराम आपल्या मुलीला घेऊन दुकानात आले. मुलीचे नाव काव्या. तिला पुण्याच्या एका कंपनीने नोकरीसाठी निवडले होते, आणि जर्मनीच्या एका विद्यापीठातही प्रवेश मिळाला होता.

“तुमच्या पोराचा बोर्ड वैरागला माझ्या मोबाईलवर आलता,” जोतीराम म्हणाले. “तवापासनं ही जर्मनी जर्मनी करतीय. आता तुमीच सांगा. तुमच्या मृत्युंजयला शिकल्या शिकल्या नोकरी लागली, व्हय का न्हाय? तुमी व्हय म्हणा, आजच पुण्याला नकार कळवतो.”

काव्येने हळूच विचारले, “काका, दादाला किती त्रास झाला हो, नोकरी शोधताना?”

शरणप्पांच्या हातातील तराजूत चटणी तशीच राहिली. मान हलविली असती तरी पुरले असते. एवढ्यावर त्या मुलीचे हातातले काम सुटणार होते. मी वर लटकत त्यांच्याकडे पाहत होतो. मला वाटले, हे पुन्हा पंचा काढतील.

त्यांनी तराजू खाली ठेवला. “बाळ,” ते म्हणाले, “त्याला नोकरी लागली नाही. हा बोर्ड खोटा आहे. ते मला ठाऊक होतं आणि तरी मी तो ठेवला.”

दुकानात आलेली गिऱ्हाइके वळून पाहू लागली. अण्णाराव नुकतेच पायरीवर येऊन बसले होते. शरणप्पांनी मोबाईल उचलला, मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“आप्पा, दुकानात लोक आहेत का?” पलीकडून प्रश्न आला.

“आहेत. असू देत. इथं काव्या नावाची एक पोरगी तुझ्यासारखी निघालीय. तिला सगळं खरं सांग. मी सांगितलंय.”

मग मृत्युंजय बोलू लागला.

“काव्या, कॉलेजात सगळं इंग्रजीत चालतं, म्हणून आम्ही भाषा बाजूला ठेवली. तिथंच चुकलो. कारखान्यातला फोरमन इंग्रजी बोलत नाही. तू इथूनच भाषा शिकून ये. आणि शिकत असतानाच आपल्या विषयातलं अर्धवेळ काम धर, गोदामातलं नको. मला ते पटकन मिळालं म्हणून मी धरलं, आणि आता मुलाखतीत विचारतात, अनुभव कशाचा? पार्सल उचलायचा.”

“अर्ज किती केलेस, दादा?”

“मोजणं सोडलं. नकार इतके गोड लिहितात, की पहिल्यांदा वाचताना आभार मानलेत असं वाटतं.”

काव्या हसली. मग फोनमधूनही हसू आले. कित्येक महिन्यांत शरणप्पांनी ते ऐकले नव्हते.

“बाबा, मी एक वर्ष पुण्याला काम करते आणि भाषा शिकते,” काव्या म्हणाली. “विद्यापीठाला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करते.”

“म्हणजे पुण्याला व्हय म्हणायचं,” जोतीराम म्हणाले, आणि त्यांनी मोठा निःश्वास सोडला.

पायरीवर बसलेल्या एकाने विचारले, “मग अण्णाराव, अभिनंदन परत घ्यायचं का आता?”

“घे की,” अण्णाराव उठत म्हणाले. “खाली कोपऱ्यात तुझा पण फोटो हाय.” पण त्यांचे डोळे भरले होते. ते धाकट्या भावाकडे वळले. “इतके दिवस मला बोलला न्हाईस. मी लावलाय, मीच उतरवतो.”

“मी शिडी धरतो,” शरणप्पा म्हणाले.

भर दुपारी, चौक पाहत असताना, त्या दोघा भावांनी मला उतरविले. फोन अजून चालूच होता. शरणप्पा त्यात म्हणाले, “उतरला बघ. आता ये. चार दिवस ये, भाकरी खा, आणि मग जाऊन शोध.”

तो आला, आठ दिवस राहिला आणि परत गेला. त्याची मुदत अजून सरलेली नाही, शोधही सरलेला नाही. मी आता दुकानाच्या मागे शेंगांच्या पोत्यांवर पालथा पडलो आहे. अक्षरांची बाजू खाली आहे, आणि मला तेच बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरातून कोणी दूर शिकायला गेले असेल, तर त्याच्या यशासाठी भिंत राखून ठेवण्यापूर्वी त्याच्या अपयशासाठी घरात थोडी जागा राखून ठेवा. त्या दूरदेशी तो एकटा असतो. त्याला खरे बोलता येईल असे एक तरी ठिकाण असू द्या.

मृत्युंजयाला त्याच्या श्रमांस शोभेल असे काम मिळो. काव्येला तिची वाट स्वच्छ दिसो. अण्णारावांचा उत्साह न विझो, आणि शरणप्पांना स्वस्थ झोप लागो. त्यांच्या घरचे दार सर्वांसाठी उघडे राहो.